साहेबाचे ओटे आणि तीस वर्षांचा घोळ

2022 ची दिवाळी आठवते का? लक्ष्मीपूजन सोमवारी, पाडवा बुधवारी आणि मधला मंगळवार मोकळाच. त्या मंगळवारी, 25 ऑक्टोबरला, संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. मी सुट्टीसाठी कोल्हापुरात आजोळी गेलो होतो. फराळ खाऊन खाऊन कंटाळा आला होता. सकाळी चहा पिता पिता मामा म्हणाले, "चल, विजयदुर्गला जाऊ. साहेबाच्या ओट्यावर बसून ग्रहण बघू."

माझ्या पोटात गोळाच आला. ग्रहणामुळे नाही, ओट्यामुळे. का ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वाघोटन खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग आहे. किल्ल्यावर काही जुने चौथरे आहेत, त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. त्यांची गोष्ट अशी: 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने या ओट्यांवर दुर्बिणी मांडून ते पाहिलं आणि सूर्यावर हेलियम शोधून काढला. थोडक्यात काय, तर आख्ख्या जगातल्या फुग्यांमध्ये भरला जाणारा वायू आपल्या कोकणात सापडला! दरवर्षी 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

ही गोष्ट मला मामांनी सांगितली तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. त्यांना त्यांच्या शाळेतल्या सरांनी सहलीत सांगितली होती. पुढे मी ती किती जणांना ऐकवली याची गणतीच नाही. कॉलेजात सांगितली, ट्रेकमध्ये सांगितली. आमच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारी कुणीही कुठल्याही विषयावर दहा मिनिटं बोलायचं अशी पद्धत होती. 2022 च्या ऑगस्टमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी छाती फुगवून हीच गोष्ट सांगितली. शेवटी चेन्नईच्या एका सहकाऱ्याने अगदी शांतपणे विचारलं, "पण लॉकियर तेव्हा लंडनमध्ये होता ना?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. रात्री घरी येऊन वाचायला बसलो, आणि पहाटे दोनपर्यंत माझ्या लक्षात आलं की तो बरोबर होता.

तर, असा सगळा मामला. आता मामांना हे सांगायचं कसं? आमच्या मामांचं उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. माणूस मोजूनमापून काम करणारा. पण या गोष्टीवर त्यांचा फार जीव. त्याला कारणही आहे. 16 फेब्रुवारी 1980 ला मोठं सूर्यग्रहण झालं. अंकोला, हुबळी, रायचूर या पट्ट्यात ते खग्रास होतं. कोल्हापुरात खंडग्रास, पण चांगलंच मोठं. मामा तेव्हा चौदा वर्षांचे. आजीने सगळ्या पोरांना माजघरात कोंडलं आणि खिडक्यांना घोंगड्या लावल्या. बाहेर दुपारी सांजावल्यासारखं झालं, तेही त्यांना दिसलं नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी विजयदुर्गच्या त्या ओट्यावर उभं राहून सरांनी ग्रहणाची गोष्ट सांगितली. चुकलेल्या ग्रहणाची भरपाईच झाली म्हणा ना.

असो. निघालो. आजी आता ऐंशीच्या पुढची. तिने डब्यात चकल्या, लाडू भरले, वर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हणाली, "जावा. पण उघड्या डोळ्यांनी बघू नका." मामा हसले. त्यांनी वर्कशॉपमधून चौदा नंबरच्या वेल्डिंगच्या काचा आधीच घेऊन ठेवल्या होत्या. (इथे सावधगिरीचा इशारा: साधी वेल्डिंगची काच चालत नाही. चौदा नंबरचीच गडद काच लागते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, असलं काहीही नको.)

गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत दुपारी विजयदुर्गला पोचलो. किल्ल्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपणारच नाही. तिन्ही बाजूंनी पाणी, एकामागे एक तटबंद्या, कान्होजी आंग्र्यांचं आरमार, 1756 मध्ये इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतलेला हा किल्ला. ते पुन्हा कधीतरी.

आम्ही ओट्यांपाशी जाऊन बसलो. समोर समुद्र, ऊन अजून कडक. शेजारी दुसरं एक कुटुंब आलं होतं, त्यांच्यातल्या दोन पोरांना मामांनी लगेच गोष्ट सांगायला सुरुवात केली. अठराशे अडुसष्ट, अठरा ऑगस्ट, लॉकियर साहेब वगैरे. त्यातला थोरला पोरगा म्हणाला, "पण काका, ऑगस्टमध्ये तर पाऊस असतो ना इथं?"

मामा थांबले. माझ्याकडे बघितलं. "हे मला कधी सुचलंच नाही रे," ते म्हणाले. "ऑगस्टात कोकणात कोण कशाला दुर्बीण लावंल?"

पोरं पळून गेली. मग मात्र मला राहवलं नाही आणि मी सगळं सांगून टाकलं. जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो.

18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण खरंच फार मोठं होतं. एडनच्या बाजूने सावली अरबी समुद्रावरून आली, दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामकडे गेली. भारतात काही ठिकाणी पाच मिनिटांहून जास्त काळ खग्रास स्थिती होती. विजयदुर्गही या पट्ट्यात येत होतं, पण शास्त्रज्ञांनी आपले तळ ठोकले ते घाटाच्या अलीकडे, कमी पावसाच्या मुलखात. फ्रान्सचा पिअर जान्सेन आणि ब्रिटिश मेजर टेनंट गुंटूरला. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणमला. कॅप्टन हेग विजापूरला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू) जमखंडीला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, कोल्हापूरच्या पूर्वेला.

या सगळ्यांकडे स्पेक्ट्रोस्कोप होते. हे यंत्र प्रकाशाचे रंग सुटे करतं. तापलेल्या प्रत्येक वायूच्या प्रकाशात ठरावीक जागी चमकदार रेषा असतात, म्हणजे ती त्या वायूची सहीच. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्या कशाच्या आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी ते कळलं. ज्वालांच्या वर्णपटात चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या होत्या, मुख्यतः हायड्रोजनच्या.

आता खरी गंमत. जमखंडीत ढगांचा लपंडाव चालू होता. त्यातूनही हर्शेलला तीन रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमची समजली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला असतात. हेलियमची 587.6 ला. फरक दीड नॅनोमीटरसुद्धा नाही. हातात पाच-सहा मिनिटं, त्यात ढग, त्यात अंधार. अशा वेळी माणसाला जी रेषा ओळखीची तीच दिसणार. म्हणजे हेलियमचा प्रकाश 1868 मध्ये एका मराठी संस्थानात खरोखरच दिसला होता, फक्त त्याला कुणी ओळखलं नाही.

हे ऐकून मामांनी विचारलं, "मग ओळखलं कसं?"

याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं. ग्रहणाची गरज संपली, तेव्हा ओळखलं!

गुंटूरला त्या ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक होत्या, की जान्सेनला वाटलं, या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी, 19 ऑगस्टला सकाळी, त्याने सूर्याच्या कडेवर यंत्राची फट धरली आणि भर उन्हात त्याला त्या रेषा दिसल्या. आता पाच मिनिटांची घाई नाही. रोज बघा, आरामात मोजा.

तिकडे लॉकियर लंडनमध्ये होता. वॉर ऑफिसात कारकुनी करायची आणि सुट्टीच्या वेळात आकाश बघायचं. (आमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या हौशी लोकांनी याची मूर्ती देव्हाऱ्यात ठेवायला हवी.) हीच युक्ती त्यालाही सुचली होती, पण त्यासाठी लागणारा चांगला स्पेक्ट्रोस्कोप कारागिराकडून मिळता मिळेना. तो मिळाला ऑक्टोबरच्या मध्यावर. 20 ऑक्टोबर 1868 ला लॉकियरने इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. जान्सेनचं भारतातून गेलेलं पत्र आणि लॉकियरची बातमी पॅरिसच्या अकादमीत पोचली एकाच सुमारास, आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचली गेली. भांडणाला केवढा वाव होता! पण झालं उलटंच. दोघांनाही श्रेय मिळालं, आणि 1872 मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

निवांत मोजायला मिळाल्यावर लॉकियरच्या लक्षात आलं, की ही पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही, जरा शेजारी आहे. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच वायूशी ती जुळेना. ग्रीक भाषेत सूर्याला 'हेलिओस' म्हणतात, त्यावरून 'हेलियम' हे नाव पुढे आलं. पण पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य निव्वळ एका रेषेवरून मानायला लोक कशाला तयार होतील? पुढची बरीच वर्षं अनेक रसायनशास्त्रज्ञांनी या नावाला हसण्यावारी नेलं.

"कितव्या साली सापडला मग?" मामा.

1895 साली. आणि इथे मामांचाच धंदा मध्ये येतो. त्यांच्याकडे स्टेनलेस स्टीलचं 'आर्गन वेल्डिंग' चालतं. तो आर्गन रॅले आणि रॅम्झी यांनी 1894 मध्ये हवेतून वेगळा केला. पुढच्या वर्षी रॅम्झीला कळलं, की युरेनियमचं एक खनिज आम्लात टाकलं की त्यातून कसलातरी वायू निघतो. आधी एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तो नायट्रोजन समजला होता. रॅम्झीला वाटलं, आर्गन असेल. त्याने वायू गोळा करून वर्णपट बघितला, तर एक लखलखीत पिवळी रेषा, आणि तीही सोडियमच्या जागेवर नाही. विल्यम क्रुक्सने मोजून सांगितलं, ही सूर्यातलीच रेषा. सत्तावीस वर्षांनी सूर्यावरचा वायू दगडातून बाहेर आला.

"म्हणजे आर्गन शोधायला गेला आणि हेलियम गावला," मामा म्हणाले. इतका वेळ गंभीर असलेला त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. मग त्यांनी ज्या प्रश्नाची मला भीती होती तो विचारला. "आणि हे ओटे? ते पण खोटेच का?"

नाही! हाच तर मुद्दा आहे. लॉकियर विजयदुर्गला आला होता. फक्त तीस वर्षांनी.

22 जानेवारी 1898 ला आणखी एक खग्रास ग्रहण झालं, आणि त्याची सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गच्या परिसरातूनच जमिनीवर चढली. महिना जानेवारी, आभाळ मोकळं, बंदर चालू. तोवर लॉकियर सर नॉर्मन झाला होता, 'नेचर' या नियतकालिकाचा संस्थापक संपादक म्हणून जगभर ठाऊक होता आणि वय साठीच्या पुढे गेलं होतं. 1871 च्या ग्रहणाला तो भारतात आला होता तेव्हाही त्याने किल्लाच निवडला होता, केरळातला बेकल. या वेळी विजयदुर्ग. सोबत 'मेल्पोमेनी' ही युद्धनौका. नौकेवरच्या खलाशांना आधी शिकवून कुणाला वेळ मोजायला, कुणाला प्रभामंडलाचं चित्र काढायला, कुणाला कॅमेऱ्याच्या प्लेटा बदलायला लावलं होतं. जड यंत्रं हलू नयेत म्हणून त्यांना पक्की बैठक लागते. ओट्यांचा उपयोग तो.

त्याचं मुख्य हत्यार होतं भिंगापुढे लोलक लावलेला कॅमेरा. सूर्य पूर्ण झाकला जाताना क्षणभर त्याच्या कडेचा पातळ रंगीत थर कोरीसारखा उरतो. लोलकातून फोटो घेतला की प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी कोर प्लेटवर उमटते. हायड्रोजनच्या कोरी, कॅल्शियमच्या कोरी आणि हेलियमच्याही. विचार करा, ज्या रेषेपायी या माणसाने सत्तावीस वर्षं लोकांचं हसू सोसलं, तिला तीनच वर्षांपूर्वी मान्यता मिळालेली. आणि आता तो इथे, अरबी समुद्राच्या काठावर, जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी एवढा खटाटोप करत होता.

त्या दिवशी महाराष्ट्रात फक्त लॉकियरच नव्हता. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. विदर्भात पुलगावला आणि तळणीला इंग्रज मंडळी होती. तळणीला ॲनी माँडर या बाईंनी प्रभामंडलाच्या एका लांबच लांब किरणाचा फोटो घेतला. आणि जेऊरलाच एक आपला माणूसही होता: कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात (म्हणजे आजच्या सीओईपीत) प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली होती. जेऊरच्या निरीक्षणांचा त्यांचा सविस्तर अहवाल 1902 मध्ये छापून निघाला. सीओईपीतून पास झालेले माझे अर्धा डझन मित्र आहेत. एकालाही हे नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, कारण मी 1868 च्या गोष्टीवर खूश होतो.

आणि हे सगळं कुठल्या दिवसांत? मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि दामोदर चाफेकर कोठडीत होते. 'ओरायन' लिहिणारे, ग्रहगणिताचा व्यासंग असलेले, रत्नागिरीत जन्मलेले टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे ज्याला हे ग्रहण सगळ्यात जास्त कळलं असतं, तो माणूस गजाआड, आणि त्याच्या जिल्ह्यातल्या किल्ल्यावर साहेबाचा तंबू. 1868 ची गोष्ट सांगताना आपण हे सगळं गाळून टाकतो.

माझ्या मते घोळ झाला तो असा: साहेब खरा, हेलियम खरा, ओटे खरे, ग्रहणही खरं. फक्त दोन वेगळ्या ग्रहणांच्या नोंदी कुणीतरी एकात मिसळल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन लॉग एकत्र करताना टाइमस्टँप उडाला. आणि एकदा चुकीची तारीख बसली, की पुढचा प्रत्येक जण तीच कॉपी करत राहतो. मीही त्यातलाच एक.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, उगाच सांगितलं. पोराने येऊन बापाची आवडती कप फोडावी तसं काहीतरी झालं. मग ते उठले, ओट्याच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सरांनी सांगितलं म्हणून मी सांगितलं. मी सांगितलं म्हणून तू. आता तू हे नीट लिहून काढ. तारखेसकट."

तेवढ्यात पाच वाजून गेले. मामांनी काच डोळ्यांना लावली. "लागलं!" ते जवळजवळ ओरडलेच. मी काच घेतली. हिरवट सूर्याच्या कडेला बारीकसा खळगा पडला होता. मुंबईत सूर्याचा साधारण 24 टक्के भाग झाकला जाणार होता, इकडे त्याहूनही कमी. अंधार वगैरे काही नाही. काच नसती तर कुणाला कळलंही नसतं. पण छपन्न वर्षांचा तो माणूस काच खालीच ठेवेना. ती दोन पोरं परत आली, तर त्यांनाही काच दाखवली आणि गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. या वेळी 22 जानेवारी 1898 पासून. मध्ये दोनदा अडखळले आणि माझ्याकडे बघून खात्री करून घेतली. "जेऊरला कोण रे? नायगमवाला. हां."

सूर्य खाली उतरला तसा क्षितिजावरच्या ढगांच्या पट्टीत शिरला. ग्रहण सुटायच्या आतच तो मावळणार होता. किल्ला बंद व्हायच्या आत आम्ही खाली आलो. गाडीत बसल्यावर मामांनी आजीला फोन लावला. "आई, बघितलं गं. व्हय, काचेतनं." पलीकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मामा हसत होते.

घाट चढताना त्यांनी विचारलं, "भारतात पुढचं खग्रास कधी?"

"20 मार्च 2034. कारगिलच्या बाजूला."

थोडा वेळ गाडीत शांतता. मग म्हणाले, "अडुसष्ट. जमतंय की."